दोनशेचा वेग

नेमू माझ्या वडिलांच्या पाठीमागे उभा राहून हळूच म्हणाला, "अप्पा."

अप्पा उंबऱ्यावर पाठमोरे बसून मागाच्या धोट्याचं टोक कानशीनं घासत होते. त्यांनी मान वळवली नाही. नेमू अर्धं पाऊल पुढं सरकला आणि तेवढ्याच आवाजात पुन्हा म्हणाला, "अप्पा." मग गप्प उभा राहिला. मी आतल्या खोलीतून पडद्याच्या फटीतून हे बघत होतो. कुणाशी बोलायचं असेल तर माणूस समोर येतो. पाठीमागून हळूच हाक मारून वाट बघत बसणारा माणूस बोलायला आलेला नसतो, काहीतरी तपासायला आलेला असतो.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची, इचलकरंजीतली. अप्पा मगदुमांच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमागांचा डॉक्टर म्हणा. चोवीस मागांच्या खडखडाटात उभा राहून, कुठल्या मागाचं काय दुखतंय ते जो नुसत्या आवाजावरून सांगतो तो जॉबर. अप्पांनी अठ्ठावीस वर्षं तेच केलं होतं. आणि त्या वर्षी कारखान्यात कुजबूज सुरू झाली होती, की श्रीपती जॉबरला, म्हणजे अप्पांना, आताशा ऐकू कमी येतं. ज्याचे कान गेले त्याला जॉबर म्हणून कोण ठेवणार? आणि नोकरी गेली की राहती खोलीही जाणार, कारण खोली मालकांची होती. माझा डिप्लोमाही गेलाच म्हणून समजायचं. घरात यावर कुणी बोलत नव्हतं, पण आई अप्पांशी मोठ्यानं बोलायला लागली होती आणि दारात कुणी आलं की पटकन आवाज खाली आणायची.

आणि नेमू कोण? नेमिनाथ मगदूम. मालकांचा सख्खा पुतण्या.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? माझा स्वभाव आधीच संशयी. आई म्हणायची, शिवलिंगला देवानं प्रसाद दिला तरी तो आधी उलटा करून बघेल.

तरी नेमू माझा मित्र होता, आणि मैत्री जुळली होती ती एका भलत्याच गोष्टीनं. त्याच्या काकांनी जर्मनीतून जुन्या मागांचे सुटे भाग मागवले होते. त्या खोक्यात लोखंडाला गुंडाळलेले कागद होते आणि त्यात एक झेरॉक्स मारलेलं मासिक निघालं. काळ्या शाईत बरबटलेलं, कात्रीनं कापून चिकटवलेलं, कुठल्यातरी गावातल्या पोरांनी घरी बसून काढलेलं. ते सगळं पंक रॉकवर होतं. शेवटच्या पानावर पत्ते होते आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, की पत्र पाठवा, आम्ही कॅसेट पाठवू. दुसऱ्या कुणी तो कागद रद्दीत टाकला असता. नेमूनं पाच पत्रं टाकली. दीड महिन्यानं पहिली कॅसेट आली.

ती आमच्या खोलीत लावली तेव्हा मल्लू म्हणाला होता, "अरे, हा तर आपला कारखाना आहे. फक्त आत कुणीतरी बोंबलतंय." तंतोतंत खरं होतं ते. आम्ही मागांच्या आवाजात जन्मलेली पोरं. गोड गाणी ऐकताना आम्हाला सारखं वाटायचं की काहीतरी बंद पडलंय. हे मात्र सुरू झालं की अंगात वारं शिरायचं. तीन माणसं, दोन-अडीच मिनिटं, आणि घाई अशी की जणू घर जळतंय. आम्ही तिघंही त्या गाण्यांना भुललो.

मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन, आमच्या टोळीतला तिसरा. मनानं चांगला, तोंडानं फाटका. त्याच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट दुपारपर्यंत गावभर व्हायची. त्याचा थोरला भाऊ बसू अप्पांच्या हाताखाली मदतनीस होता. अप्पा निघाले की त्या जागेवर तोच बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आमची बैठक भरायची. माग बंद, गल्ली शांत. दर वेळी प्रत्येकानं एक नवा बँड आणायचा, इतर दोघांनी कधीही न ऐकलेला. नेमूकडे टपालानं येणाऱ्या कॅसेटी होत्या. मी कोल्हापुरात पॉलिटेक्निकला होतो, होस्टेलच्या पोरांकडून मिळवून आणायचो. मल्लू कुठून आणायचा ते विचारायचं नाही असं ठरलं होतं. मग निवाडा व्हायचा, आणि तो कसा करायचा हे आमच्याच डोक्यातून आलं होतं. मागाचा वेग मिनिटाला किती पिकं यावर मोजतात. धोटा एकदा आडवा गेला की एक पीक. आम्ही बँडची पिकं मोजायचो. एकानं घड्याळ धरायचं, एकानं ड्रमच्या ठोक्याला मांडीवर बोट मारायचं, आणि तिसऱ्यानं वहीत लिहायचं. एकशे साठच्या खालचा बँड नापास. ज्याचा बँड सगळ्यात जोरात पळेल त्याची कॅसेट आठवडाभर डेकमध्ये राहायची.

डेक माझा होता. बाजारातून मोटर जळालेला आणला होता. अप्पांनी दुसरी मोटर बसवली आणि तिच्या मागच्या भोकात बारीक पेचकस घालून, कान पेटीला लावून, वेग जुळवून दिला. "आता हात लावायचा न्हाई कुणी," म्हणाले होते. कुणाची हिंमत नव्हतीच. मीही एक नियम करून ठेवला होता, की या डेकवर हिंदी-मराठी काही वाजणार नाही. आईनं एकदा भजनाची कॅसेट पुढे केली होती, तर मी तिला रेडिओ दाखवला. वयच तसं होतं, आणि अक्कलही तेवढीच.

तर असं आमचं झकास चाललेलं असताना नेमू बदलला. बैठकीत गाणं सुरू झालं की तो पूर्वी डोळे मिटून डोकं हलवायचा. आता तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायला लागला, तेही मोजायची पाळी त्याची नसताना. कॅसेटची एक बाजू संपली की पुन्हा घड्याळाकडे बघायचा. एकदा मला सहज विचारल्यासारखं विचारलं, की या डेकची मोटर अप्पांनीच जुळवली होती ना, दुसऱ्या कुणी नाही ना? मी म्हटलं, अप्पांनीच, का रे? तर म्हणे काही नाही, असंच. पुढच्या सुट्टीला आला तेव्हा त्याच्या वहीतून परदेशी तिकिटांचा एक लिफाफा खाली पडला. मी उचलायला वाकलो, तर त्यानं झडप घालून घेतला आणि सदऱ्याच्या आत खुपसला. आजवर आलेलं प्रत्येक पत्र त्यानं आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आणि त्याच दिवशी, त्याच्या थोडं आधी, मल्लू आलेला नसताना, मी त्याला अप्पांच्या पाठीमागे उभा असलेला बघितला.

मी एकाला एक जोडत गेलो. काकांना अप्पांच्या कानांबद्दल खात्री करून घ्यायची आहे. कारखान्यात तपासलं तर बोभाटा होईल, म्हणून घरात येणाऱ्या पुतण्याला कामाला लावलंय. मोटरबद्दल विचारतो, पाठीमागून हाका मारतो. तो परदेशी लिफाफा मात्र या जोडणीत बसत नव्हता, म्हणून मी तो बाजूला ठेवून दिला. मला झोप लागेना. नेमूला घरात येण्यापासून थांबवायचं कसं हाच एक विचार. तोंडावर विचारावं तर मल्लूला कळणार, आणि मल्लूला कळलं की बसूला, आणि मग कारखान्यालाच. अप्पांच्या कानांचं नाव न घेता नेमूला घराबाहेर काढायला काहीतरी दुसरं कारण हवं होतं.

ते कारण मला होस्टेलवर मिळालं. ग्लेन नावाचा गोव्याचा एक मुलगा शेजारच्या खोलीत होता, त्याच्याकडे सीडी वाजवायचं यंत्र होतं. एका संध्याकाळी त्याच्या खोलीतून ओळखीचं गाणं ऐकू आलं. 'फोर राँग अंकल्स' नावाचा बँड होता, ज्यात माणसं तीनच होती. नेमूच्या सगळ्या शोधांमधला हा सगळ्यात जबर. आमच्या वहीत त्याची नोंद बरोबर दोनशे. त्याच्या वर कुणीच गेलं नव्हतं. मी दारात उभा राहिलो आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. गाणं तेच, शब्द तेच, पण गाणाऱ्याचा आवाज जाडा आणि चाल सावकाश. मी ग्लेनला पुन्हा लावायला सांगून घड्याळ धरलं. एकशे शहात्तर. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा एकशे शहात्तर.

ग्लेन म्हणाला की सीडी अस्सल आहे, त्याच्या मावसभावानं परदेशातून आणलेली. म्हणजे खोटी होती ती नेमूची कॅसेट. आणि मग आठवलं, की नेमू आम्हाला मूळ कॅसेट कधी आणून दाखवतच नाही. नेहमी घरी उतरवलेली नक्कल आणतो, मूळ खराब होईल म्हणून. त्याच्या काकांकडचा तो मोठा दोन कॅसेटींचा टेप मी पाहिला होता, त्याला बटणंच बटणं. त्यातलं एखादं फिरवून गाणं पळवायचं आणि इथं येऊन बैठक जिंकायची. मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, मला आनंद झाला. हवं होतं ते हातात पडलं होतं.

पुढच्या सुट्टीला मी बैठकीची वाटच बघत होतो. मल्लू आला, नेमू आला. अप्पा नेहमीसारखे उंबऱ्यावर, या वेळी तोंड आमच्याकडे. त्यांना आमचं गाणं आवडायचं की नाही देव जाणे, पण पोरं घरात बसलीत हे आवडायचं. मी आधी काहीच बोललो नाही. 'अंकल्स'ची कॅसेट लावली, मल्लूला मोजायला लावलं. दोनशे. मग मी ग्लेनच्या सीडीची गोष्ट सांगितली. सावकाश, एकेक करून, जज्जासमोर सांगतात तशी. किती वेळा मोजलं, किती आलं, मूळ कॅसेट आजवर एकदाही का दिसली नाही. मल्लूचं तोंड उघडं पडलं.

"तू कॅसेट पळवून आणतोस," मी नेमूला म्हणालो. "दोन वर्षं आम्हाला उल्लू बनवतोयस."

नेमूनं आधी डेककडे बघितलं. मग तो मल्लूकडे बघून काही बोलायला गेला आणि थांबला. मग त्यानं अप्पांकडे बघितलं. अप्पा आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते, काय चाललंय ते न कळल्यासारखे. इतका वेळ कुणी गप्प राहिलं की समजावं, माणूस थाप जुळवतोय. मी तेच समजलो.

"हो," तो म्हणाला. "पळवून आणतो."

मल्लू उठून उभा राहिला. त्याला नेमूचं फार कौतुक होतं, म्हणूनच त्याला जास्त लागलं. म्हणाला की मालकाचं पोरगं ते मालकाचंच, जिंकल्याशिवाय ह्यांना घास जात नाही. वही फाडून त्यातली नेमूची पानं त्याच्या पुढ्यात टाकली. नेमूनं ती वेचली, घडी घातली आणि चपला पायात सरकवल्या. जाताना अप्पांना वाकून नमस्कार केला. मी त्याच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, कारण माझं खरं बोलणं अजून बाकी होतं.

"आणि काकांना जाऊन सांग," मी दबक्या आवाजात म्हणालो, "माझ्या बापाच्या पाठीमागे उभं राहून हाका मारायला आता दुसरा कुणी शोधा म्हणावं."

तो एकदम थबकला. चेहरा असा झाला की वाटलं आता रडतो. पण तो तसाच निघून गेला. मी घरी येऊन पोटभर जेवलो.

यानंतर पंधरा-वीस दिवसांनी आईच्या भावाची कॅसेट आली. मामा सैन्यात होते, तेव्हा तेजपूरला. त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून वर्षातून दोनदा बोललेली कॅसेट पाठवायचे. आई ती नेहमी शेजारच्या घोरपडे वहिनींच्या टेपवर ऐकायची. त्या वेळी वहिनी माहेरी गेलेल्या. आई कॅसेट हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुझी पेटी बाटत आसंल तर राहू दे बाबा." एवढं ऐकल्यावर माझाही नियम ढिला पडला. मी कॅसेट लावली.

मामांचा आवाज म्हणजे घागरीत बोलल्यासारखा. डेकमधून निघाला तो मिसरूड न फुटलेल्या पोराचा. आणि बोलणं असं भरभर, की मागे कुत्रं लागलंय. "आक्का कशी आहेस मी बरा आहे थंडी फार आहे." आई आधी हसली. मग म्हणाली, "हा आमचा आण्णा न्हवं. कुणाचं पोर बोलतंय हे?"

अप्पा डेकला कान लावून बसले होते. ते मान हलवत म्हणाले, "आण्णाच की गं. चांगला खणखणीत बोलतोय. तब्येत सुधारली त्याची."

आईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मामा तिकडे धुक्याचं, मेसमधल्या डाळीचं, सुट्टी कधी मिळणार त्याचं सांगत सुटले होते, आणि अप्पा कौतुकानं ऐकत होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागलो. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एक बाजू तीस मिनिटांची. मामा शेवटी नेहमी म्हणायचे की आता पट्टी संपत आली, आणि तसे ते म्हणालेही. खट्ट आवाज झाला तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती.

दोन वर्षं आम्ही त्या डेकवर एकही ओळखीचा आवाज वाजू दिला नव्हता. जे बँड गावात कुणीच ऐकलेले नाहीत तेवढेच लावायचे, आणि त्यांचेच ठोके मोजायचे. मग ते पळतायत की आमची पेटी पळतेय हे कळणार कुठून? नेमूची कॅसेट पळत होती, माझी पळत होती, मल्लूचीही पळत होती. नेमूनं काही म्हणजे काही केलं नव्हतं. आणि वेग जुळवला होता अप्पांनी, स्वतःच्या कानानं.

मी तसाच सायकल काढून मगदुमांच्या सुताच्या गोदामात गेलो. नेमू तिथं सुताच्या कोनांच्या पेट्यांवर नंबर टाकत होता. मला बघून त्यानं खडू खाली ठेवला. मी म्हटलं, डेक पळतोय. तो म्हणाला, माहीत आहे.

मग त्यानं खिशातून तो लिफाफा काढून दिला. नेहमी जवळच ठेवत असावा. पत्र 'अंकल्स'मधल्या गाणाऱ्याचं होतं. नेमूनं त्यांना कौतुकानं लिहिलं होतं की तुमचा ड्रमर मिनिटाला दोनशे ठोके मारतो, आणि ते गाणं दोन मिनिटं अडतीस सेकंदांत संपतं. गाणाऱ्यानं उत्तर दिलं होतं, की मी हे ड्रमरला वाचून दाखवलं, त्याचे पाय दोन दिवस जमिनीवर नाहीत. पण मित्रा, ते गाणं बरोबर तीन मिनिटांचं आहे, आणि दोनशे मारता मारता आमचा माणूस मरेल. तुमचं यंत्र पळतंय, तपासून घ्या. खाली लिहिलं होतं की तुम्ही गावात ठोके मोजता हे आम्हाला फार आवडलं, आमच्या मासिकासाठी त्यावर एक पान लिहून पाठवा.

"हे घेऊन त्या दिवशी तुलाच सांगायला आलो होतो," नेमू म्हणाला. "मोटर अप्पांनी लावली म्हणालास, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. म्हणून त्यांना हाक मारून बघितली. दोनदा मारली."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? तू काय ऐकून गप्प बसणाऱ्यातला आहेस? लगेच पेचकस घेऊन बसला असतास त्यांच्यासमोरच. आणि मल्लू बघत असता. मल्लूनं बघितलं की बसूनं बघितलं. ते काय जॉबर, ज्यांना मोटरचा वेग कळत नाही, असं झालं असतं. काकांच्या कानावर गेलं असतं तर मी काय त्यांना थांबवू शकलो असतो होय?"

मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हणालो की आत्ताच्या आत्ता जाऊन मल्लूला सांगतो, की नेमूची चूक नव्हती.

"सांग," तो म्हणाला. "मग तो विचारेल, मोटर कुणी लावली."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला बहुतेक माझ्या तोंडून आणखी काहीतरी ऐकायचं होतं, निदान माफी तरी. आणि मला काय वाटलं म्हणाल, तर मला सुटल्यासारखं वाटलं. नेमू बोलणार नाही. अप्पांची नोकरी राहील, खोली राहील, मी शिकेन. याची मला इतकी लाज वाटली की माफीसुद्धा तोंडातून फुटली नाही. त्यानं पुन्हा खडू उचलला. मी सायकल फिरवली.

ते पान त्यानं लिहिलं नाही. लिहिणार तरी काय, सगळेच आकडे खोटे. त्याच वर्षी तो दावणगेरेला एका नातेवाइकाच्या गिरणीत गेला आणि तिकडचाच झाला. आमची बैठक आणखी दोन सुट्ट्या कशीबशी चालली. मल्लू ठोके मोजायचा आणि मी खोटे आकडे वहीत लिहायचो. मग मीच परीक्षेचं निमित्त काढून ती बंद केली. डेकच्या स्क्रूला मी कधी हात लावला नाही. अप्पा पुढे पाच वर्षं जॉबर म्हणून राहिले आणि मानानं निवृत्त झाले. तोवर मला नोकरी लागली होती.

अप्पांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मल्लू घरी आला होता. केस पांढरे झालेत, तोंड तेवढंच सुटलेलं. जुन्या गोष्टी निघाल्या आणि तो हसत म्हणाला, तो मगदुमांचा चोरटा काय करतो रे आता? अप्पा नाहीत, आईही नाही, आता कुणाची भीती? मी सगळं सांगून टाकलं. मामांची कॅसेट, सव्वीस मिनिटं, पत्र, पाठीमागून मारलेल्या हाका. शेवटी म्हणालो, "अप्पांना ऐकू येत नव्हतं, मल्लू. तुमच्यापासून लपवायचं म्हणून तो 'हो' म्हणाला."

मल्लू माझ्याकडे खुळ्यासारखा बघत राहिला.

"लपवायचं?" तो म्हणाला. "अरे, बसूला पंच्याण्णवपासून माहीत होतं. माग बिघडला की बसू त्यावर हात ठेवून उभा राहायचा. अप्पा येऊन शेजारी हात ठेवायचे, की त्यांना थरथरीवरून कळायचं काय झालंय ते. कान गेले होते, हात नव्हते गेले. त्यांचे हात काय होते लेका."

"आणि मालक?"

"मालकांनीच तर बसूला सांगितलं होतं, ह्यावर कुणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे म्हणून. मीसुद्धा कधी बोललो न्हवतो कुणाला. एवढी एकच गोष्ट आयुष्यात पोटात ठेवली मी."

चहा निवून गेला होता. मल्लूनं कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"म्हणजे नेमूनं काहीच केलं नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

"आणि मी त्याच्या पुढ्यात पानं फाडून टाकली."

"हाकललं मी," मी म्हणालो.

"पानं मी फाडली." त्यानं खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बोट पडद्यावर धरून बसला. "नंबर सांग त्याचा."

माझ्याकडे नेमूचा नंबर नव्हता.